दारातली पायताणं

रामनवमीच्या उत्सवात आमच्या पेठेचं कीर्तन मैदानावर व्हायचं. गिरणीमागच्या मोकळ्या जागेत बांबू रोवून कनात लावायची, गॅसबत्त्या टांगायच्या आणि रस्त्याच्या बाजूला आत जायला एकच तोंड ठेवायचं. त्या तोंडाशीच सगळ्यांनी पायताणं काढायची. आत पेठभर माणूस आणि दारात चामड्याचा ढीग. कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. मलाही नाही.

एकोणीसशे तीस सालाच्या आधीच्या एका चैत्रात भर कीर्तनात वावटळ आली. कनात सुटून फडफडू लागली, बत्त्या हेलकावू लागल्या. लोक दाराकडे धावले, आणि दारात पोचल्यावर जो तो आपलं पायताण शोधायला खाली वाकला. मागून रेटा आणि पुढे वाकलेल्या पाठी. माणसावर माणूस पडलं. त्यात माझी काकू गेली. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, ती काकू.

पुढच्या वर्षी पंचमंडळी जमली, तेव्हा मी नवा शाळामास्तर होतो आणि माझं डोकं कायम तापलेलं असे. मी म्हटलं, कीर्तन करायचं तर नीट करा. दोन तोंडं ठेवा. बत्त्या कापडापासून लांब, पक्क्या बांधा. पाण्याची पिंपं भरून ठेवा. वारं सुटलं तर कनातीच्या दोऱ्या सोडायला माणसं नेमा. सगळ्याला माना डोलल्या. मग मी म्हटलं, "आणि पायताणं घरी ठेवून यायचं. दारात एकही नको."

झालं! मोहोळच उठलं. "रस्त्यानं अनवाणी यायला आमी काय भिकारी हाय?" कुणी म्हणालं, हातात धरून आत न्यावीत. तर देवाच्या मंडपात चामडं कसं न्यायचं, म्हणून दुसरा अंगावर आला. पंचांचे अध्यक्ष म्हणजे भुसाराचे मोठे अडते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, वावटळ काय दरसाल येती व्हय? तुमच्या काकूचं नशीब तेवढंच हुतं."

नशिबावर ढकललं की आपण मोकळे! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठून निघालोच होतो.

कोपऱ्यात काका बसले होते. काकू गेल्यापासून ते कुणाशी धड बोलले नव्हते. मान वर न करता ते म्हणाले, "ती अनवाणीच हुती."

कुणाला काही उमगेना.

"जन्मात तिनं पायताण घातलं न्हाई. आमी दोघं भाईर आलो हुतो. सुखरूप. मी म्हणलो, माझं नवं पायताण ऱ्हायलं की. ती मागं फिरली."

मलाही हे ठाऊक नव्हतं, वर्षभर शेजारी बसून जेवत असूनही. काकांचा राग यावा की त्यांना जवळ घ्यावं, कळेना. खरं सांगायचं तर दोन्ही झालं. अध्यक्षांनी होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी पेठेत दवंडी फिरली, तेलुगू विणकरांच्या गल्ल्यांत त्यांच्या भाषेतही: कीर्तनाला अनवाणी या.

लोक कुरकुरत का होईना, आले. अध्यक्ष पायाला खडे टोचून लंगडत आले, ते बघून मला बरं वाटलं. लपवत नाही. काका दाराशी उभे होते. कुणी पायताण घालून आलंच तर हात जोडायचे, "घरी ठेवून या, बाबा."

त्या दिवशी वावटळ सोडाच, पान हललं नाही. आरती झाली, लोक उठले आणि दोन्ही दारांनी सरळ चालत बाहेर पडले. कुणी वाकलं नाही, कुणी थबकलं नाही. बघता बघता मैदान रिकामं झालं.

"बघा, झालं का काय? उगं आमाला चालवलं," अध्यक्ष जाता जाता म्हणाले. त्यांना चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकांकडे लक्ष गेलं. ते दारातल्या मोकळ्या मातीकडे बघत होते. मग तिथेच खाली बसले.

"एवढंच करायचं हुतं की रं," ते म्हणाले. "एवढंच."