बावखलातली बदकं

वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत असताना खडू कोणी फेकला, हे मी न वळता सांगायची. सगळी नोकरी शाळेत काढली, एकदाही चुकले नाही. (एकदा चुकले होते, पण त्या मुलाने त्याआधी कधीतरी फेकलाच असणार.) त्यामुळे मी निवृत्त झाल्यावर नंदाखालमधल्या आमच्या बावखल वाचवणाऱ्या गटाने 'टीचर, ते फेसबुक-इन्स्टाग्राम तुम्ही सांभाळा' म्हटलं, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. विचारायला इतका उशीर का केला, एवढंच काय ते वाटलं.

बाहेरगावच्या वाचकांना सांगते. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. वाडवडिलांनी हाताने खोदलेलं. त्यात पाणी मुरतं म्हणून आसपासच्या विहिरी गोड राहतात, आणि विहिरी गोड म्हणून केळी-नारळी जगतात. इतकं सोपं आहे, चौथीतल्या पोरालाही कळतं. पण मोठ्या माणसांनी घर दुरुस्तीला काढलं की राडारोडा टाकायला त्यांना बरोबर बावखलच दिसतं. आमच्या बावखलाच्या एका कोपऱ्यात झरा आहे. नेमका तिथेच ढीग वाढत चालला होता, आणि शेजारच्या मार्शल काकांच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं होतं. त्यांच्या केळीची पानं कडेने करपत होती. काका सत्तरीचे, बोलणं मोजकं. गटाच्या बैठकीत ते एवढंच म्हणाले, "पावसाआधी तो कोपरा मोकळा झाला नाही, तर मी यंदा केळी लावत नाही. पुढे वाडी राहील का, मला ठाऊक नाही."

वाडीतल्या अरुंद वाटेने जेसीबी आत जात नाही. म्हणजे ढीग हातांनी उपसायचा. त्यासाठी माणसं हवीत. आणि माणसं जमवायची म्हणजे आलेच मी!

मी लगेच लेखणी उचलली. 'भूजल : एक चिंतन' ही लेखमाला मी आमच्या पेजवर सात भागांत टाकली. पहिल्या भागाला दोन लाईक आले, एक माझ्या यजमानांचा, सायमनचा, आणि एक माझा. सातव्या भागाला फक्त माझा आला. लेखमालेच्या शेवटी मी सर्वांना कुदळ-फावडी घेऊन बावखलावर यायचं जाहीर आवाहन केलं. त्या दिवशी मी, सायमन, मार्शल काका आणि एक अनोळखी गृहस्थ असे जमलो. गृहस्थ चर्चला जायचा रस्ता विचारायला थांबले होते.

याच सुमारास आमचं बाथरूम फोडायला काढलं. मला धुळीचा त्रास, म्हणून मी नायगावला लेकीकडे राहायला गेले. निघताना सायमनना बजावून सांगितलं, "मी परत येईन तेव्हा या घरात विटेचा तुकडासुद्धा दिसता कामा नये." सायमन 'हो' म्हणाले. लग्न झाल्यापासून ते हाच शब्द बोलत आले आहेत, आणि आमचा संसार त्यावरच टिकला आहे.

लेकीने माझी लेखमाला पाहिली आणि कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं असं की हल्ली वाचत कोणी नाही, रील कर, चेहरा दाखव आणि मुख्य म्हणजे राग दाखव. राग! इतकी वर्षं मी उगाच अभ्यास करून लिहीत होते. राग तर माझ्याकडे घरचाच होता, फुकटचा.

परत आले तर घर लख्ख. बाथरूम पांढरंशुभ्र, एखाद्या हॉटेलसारखं. मी चक्क सायमनची तारीफ केली (ते जरा दचकलेच), चहा घेतला आणि तशीच बावखलावर गेले. पाहते तर काय, झऱ्याच्या कोपऱ्यात ताजा ढीग! सिमेंट, विटा, फुटक्या टाईल्स. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग आयताच आला होता, तो वाया घालवण्यात अर्थ नव्हता. ढिगाकडे पाठ केली, मोबाईल समोर धरला आणि सुरू झाले.

आता सेल्फी कॅमेऱ्यात माणूस कुणाकडे बघतं? स्वतःकडे. मीही माझ्याकडेच बघत होते. केस बरे दिसत होते, उजेड छान पडला होता, आवाजही चढला होता. शेवटी मी बोट रोखून म्हटलं, "नीट बघा हा ढीग, आणि ओळखा हे कोणाच्या घरातलं आहे ते. त्या माणसाने येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर इथे यावं आणि अख्ख्या गावासमोर स्वतःच्या हातांनी हे उचलावं. लाज असेल तर!"

मार्शल काका बांधावर उभे होते. नाव कळलंच तर खरोखर बोलावणार का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ निघाला तरी सोडणार नाही.

रील रात्रीत कुठच्या कुठे गेली. एव्हरशाईन सिटीतल्या सोसायट्यांचे ग्रुप, नायगावचे टॉवर, थेट आखातात नोकरीला असलेले माझे जुने विद्यार्थी. 'सलाम टीचर', 'अजूनही भीती वाटते टीचर', असल्या कमेंट मी सकाळी सायमनना वाचून दाखवत होते. त्यांचा चहा निवून गेला होता. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले की ती रील काढून टाकली तर बरं होईल का. मला त्यांची कीव आली. समाजकार्य करायला छाती लागते, घाबरायचं असेल त्याने घरात बसावं, असं मी त्यांना सुनावलं. ते उठून घरात गेले.

दुपारी माझ्या नणंदेची, रेजिनाची, कमेंट आली. पुढे तीन लाल बदाम होते. "वहिनी, ही तुझ्या बाथरूममधली बदकं ना? किती गं आठवणी!"

मी रील पुन्हा लावली. पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघितलं.

पिवळट टाईल, तिच्यावर निळं बदक, बदकाच्या डोक्यावर छत्री. घर बांधलं तेव्हा सायमननी ती स्वस्तात मिळाली म्हणून आणली होती. स्वस्तात मिळाली, कारण दुकानदाराकडून दुसऱ्या कोणी ती घेतलीच नव्हती. अख्ख्या वसई तालुक्यात ते बदक फक्त आमच्याकडे होतं, आणि आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा केव्हा ना केव्हा त्याच्यासमोर उभा राहिला होता.

पण मी काही लगेच हार मानणारी नव्हे. 'रेजिना, अशा टाईल्स घरोघरी असतात' असं मी शांतपणे लिहिलं. त्यावर आगाशीचे एक चुलतदीर म्हणाले, छे हो, असलं ध्यान आम्ही दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मग रेजिनाने (मदत म्हणून!) एक जुना फोटो टाकला. तिच्या मुलाला टबात आंघोळ घालताना मी, आणि माझ्या मागे भिंतीवर एक बदक, ज्याच्या डोळ्यात सायमननी टॉवेलसाठी खिळा ठोकला होता. लोकांनी रील थांबवून, मोठी करून बघितली. माझ्या डाव्या कानाशेजारी, ढिगाच्या अगदी वर, तेच एकाक्ष बदक जगाकडे बघत होतं.

सायमनना बोलावलं. सगळा उलगडा झाला. त्यांनी मिस्त्रीला सांगितलं होतं की घरात काही दिसता कामा नये, मिस्त्रीने ते टेम्पोवाल्याला सांगितलं, आणि टेम्पोवाल्याने डिझेल वाचवलं. मी आवाज चढवणार तेवढ्यात सायमननी लग्नानंतर प्रथमच मला उलट उत्तर दिलं.

"तू म्हणालीस घरात दिसता कामा नये. मग घरात दिसला का?"

त्यानंतर मी रेजिनाला फोन केला. आमच्या बोलीत तिला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, छापणाऱ्यांनाही कुटुंबं असतात. रील काढून टाकली, पण उपयोग शून्य. तोवर कोणीतरी तिला बॅन्डबाजाचं संगीत जोडलं होतं. छत्रीवाल्या बदकाचा स्टिकर निघाला होता, त्याखाली 'लाज असेल तर!'. तो मला माझ्याच शाळेच्या ग्रुपवर पहिल्यांदा पाहायला मिळाला.

गंमत सोडा, पण मला मनापासून वाईट वाटत होतं. माझं हसं झालं तर झालं. पण आता लोक म्हणणार, हा गटच असला, स्वतः टाकतात आणि स्वतःच ओरडतात. मग कोपरा उपसायला कोण येणार होतं? पाऊस तोंडावर आला होता. मी मार्शल काकांकडे गेले. ते केळीला पाणी देत होते, तेच मचूळ पाणी. मी म्हटलं, "काका, मी गट सोडते."

"सोडा," काका म्हणाले. "पण रविवारी या. तुम्हीच बोलावलंय."

रविवारी उठल्यावर मला ताप आहे का ते मी तीनदा पाहिलं. नव्हता. चर्चमध्ये गेले तर देवाची करणी बघा, त्या दिवशी नेमका कुसळ आणि मुसळाचा उतारा. फादरांनी वाचायला सुरुवात केली आणि पुढच्या सगळ्या बाकांवरच्या माना मागे वळल्या. इतक्या एकाग्रतेने शुभवर्तमान ऐकलेलं मी आमच्या चर्चमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

मिस्सा संपली आणि मी बावखलाकडे निघाले. मागे वळून पाहिलं तर अख्खं गाव येत होतं. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या, एव्हरशाईनहून रिक्षा करून आलेली मंडळी, सगळ्यांचे मोबाईल वर. मी सायमनची जुनी पॅन्ट चढवली, चिखलात उतरले आणि पहिलं बदक उचललं. टाळ्या पडल्या! सायमन माझ्या मागे घमेलं घेऊन उभे होते. लाजेने माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण म्हटलं, बोललीस ना बाई, आता कर. बदकामागून बदक घमेल्यात टाकत गेले.

बदकं संपली आणि खालून एक गुलाबी वॉशबेसिन निघालं.

"हे कोणाचं?" गर्दीतून कोणीतरी विचारलं आणि मोबाईल जवळ आणला. मग रेजिनाने आपला मोबाईल पर्समध्ये टाकला, चपला काढल्या आणि सरळ चिखलात उतरली. "वहिनी, एकटी किती करशील, दे इकडे," असं म्हणून तिने ते बेसिन पालथं घालून उचललं आणि जवळजवळ पळतच नेलं.

त्यानंतर हिरव्या रंगाची फरशी वर आली. ती दिसताच आगाशीचे चुलतदीर बाह्या सरसावून पुढे झाले. ओट्याचा काळा दगड निघाला, चौघे भाऊ धावले. खिडकीची जाळी, संडासाचं भांडं, फुटका कोबा. जो तो खाली उतरे, इकडेतिकडे न बघता नेमका एकच तुकडा गाठे आणि छातीशी धरून बाहेर नेई. कोणी कोणाला काही विचारलं नाही. मोबाईल केव्हाच खिशात गेले होते. गावाने गेल्या काही वर्षांत केलेली सगळी सजावट त्या कोपऱ्यात गुण्यागोविंदाने नांदत होती, माझी बदकं आपली वर बसली होती म्हणून दिसली इतकंच.

ऊन चढेपर्यंत खालची काळी माती लागली. ओली होती. बघता बघता तिच्यातून पाणी झिरपलं आणि हातभर डबकं झालं. मार्शल काका वाकले, ओंजळीत घेऊन त्यांनी ते जिभेला लावलं. मान डोलावली, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मीही चिखलाच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे त्या दिवसाच्या एकाही फोटोत माझा चेहरा ओळखू येत नाही.

गट मी अर्थातच सोडला नाही. पुढच्या बैठकीला नवी लेखमाला लिहूनच घेऊन गेले. विषय 'लोकसहभाग', एकूण आठ भाग. पहिला भाग मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकला, एकदोघांनी डोळे उघडे ठेवून. वाचन संपल्यावर मार्शल काकांनी घसा साफ केला.

"छान लिहिलंय टीचर. पण तुमच्या लेखांनी आले चौघे, आणि तुमच्या बाथरूमने आलं अख्खं गाव. आता पलीकडच्या बावखलाचंही बघायला हवं." ते जरा थांबले आणि फार अदबीने म्हणाले, "तुम्ही किचन कधी फोडायला काढताय?"