माझ्या नावावरचा कांदा

आमचं रान पारनेर तालुक्यात आहे आणि ते माझ्या नावावर आहे. यांच्या नोकरीमुळे आम्ही भिंगारला राहतो. रान धाकटे दीर बघतात. पारनेरला त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे.

माझ्या खात्यात मधूनच पैसे यायचे आणि लगेच निघूनही जायचे. मेसेज आला की मी यांना दाखवायची. "भावाचा व्यवहार हाय. तुला काय करायचंय?" एवढंच म्हणायचे. मी चौथी शिकलेली, बोलायला भिडस्त. गप्प बसायची, पण मनातून ते जात नसे.

मग जुलैत दिरांचा फोन आला.

"वहिनी, मोबाईलवर एक नंबर येईल, तेवढा सांगा. तुमचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरतोय."

"माझं?"

"कर लागत न्हाई, घाबरू नका."

कर लागत नाही म्हणून घाबरायचं नाही, हेच मला खटकलं. "थोड्या वेळानं सांगते" म्हणाले आणि शेजारच्या ताईंकडे गेले. त्या कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतात. त्यांनी भाजी निवडता निवडता समजावलं. पगारावर, दुकानाच्या कमाईवर ठरावीक रकमेच्या वर कर बसतो. शेतीच्या उत्पन्नावर बसत नाही. आणि रिटर्न ज्याच्या नावाचं, जबाब त्यानंच द्यायचा. मोबाईलवरचा नंबर सांगणं म्हणजे सही करणं.

"तुमच्या रानात काय पिकतं?" त्यांनी विचारलं.

"बाजरी. घरी खाण्यापुरती."

"मग कर न लागणारं असं काय पिकलं, ते दिरांनाच विचारा," त्या म्हणाल्या. मी घरी येऊन दिरांना फोन लावला.

"भाऊजी, माझ्या नावावर काय पिकवलंय?"

"कांदा."

"विहीर कोरडी. कांदा कुठून आला?"

"कागदावरच्या कांद्याला पानी लागत न्हाई, वहिनी." ते हसले. मग आवाज बदलला. "आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"तुमच्यावर आहे. कांद्यावर नाही," मी म्हणाले. नंबर काही सांगितला नाही.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील, भावाला फोन लावतील. यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "यंदा किती दाखवलाय?"

यंदा.

मागच्या वर्षी माझ्या मोबाईलवरचा नंबर कोणी सांगितला, हे विचारायची गरज उरली नाही. सकाळी मी पुन्हा ताईंकडे गेले. मागच्या वर्षांचं काय काय भरलंय ते बघता येतं का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "येतं. मोबाईल घेऊन बसा."