पहिल्या सेलमधला श्री

फाइल हळू चालली की लोक आधी कॉम्प्युटरला शिव्या देतात, मग नेटला, आणि शेवटी ती वापरणाऱ्या माणसाला. वाळूजच्या आमच्या कारखान्यात प्रकरण या शेवटच्या पायरीवर आलं होतं. प्रॉडक्शनचा रोजचा रिपोर्ट कन्नड तालुक्याकडच्या एक ताई करायच्या. प्रत्येक लाइनची एक्सेल फाइल वेगळी, आणि त्या सगळ्यांतून आकडे ताईंच्या रिपोर्टात आपोआप यायचे. यायचे म्हणजे, आले तर. फाइल उघडायला लावून ताई चहा घेऊन येत, तरी पडद्यावरचं गोल फिरतच असे. साहेब एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले, "फाइल नाही, तुम्हीच स्लो आहात." सोमवारपासून ताईंची रवानगी स्टोअरमध्ये करायचं ठरलं.

मला राग आला. ताईंसाठी तर आलाच, पण रोग न तपासता औषध देणाऱ्यांचा मला मुळातच संताप येतो. शनिवारी मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. दुरुस्ती होणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. स्वभावच तसा आहे माझा, घरच्यांना तो फारसा आवडत नाही.

फॉर्म्युले तपासले, ठीक होते. मग फाइल कुठून कुठून माहिती मागवते ती यादी उघडली. लाइनच्या फायली होत्याच, पण सगळ्यात वर एक अनोळखी फाइल होती, कधीच भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरवरची. तिच्यातून येत काय होतं? फक्त पहिल्या सेलमधला 'श्री'.

"ताई, हे काय?"

"अहो भाऊ, खंडेनवमीला हळदकुंकू वाहून पयली फाइल त्या कॉम्प्युटरवर केली व्हती. तवापासून नवी फाइल केली की श्री तिथूनच घेतो आम्ही. पूजेतला हाय ना तो."

म्हणजे प्रत्येक फाइल उघडताना आधी त्या भंगारातल्या डब्याला हाका मारत बसायची. मी पोट धरून हसलो. ताई हसल्या नाहीत.

"लिंक तोडतो," मी म्हणालो.

"श्री पुसायचा नाय."

"पुसत नाही. तुम्हीच तुमच्या हातानं लिहा."

त्यांनी टेबलाखाली चपला काढल्या आणि एकेका फाइलमध्ये श्री टाइप केला. मग रिपोर्ट उघडला. ताई सवयीनं चहाला उठल्या होत्या, त्या उभ्याच राहिल्या. आकडे समोर हजर होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, मलाही लई बरं वाटलं.

सोमवारी मीटिंगआधीच रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर होता. साहेबांनी ताईंना मीटिंगच्या खोलीच्या दाराबाहेर गाठलं आणि हळूच म्हणाले, "चांगलं काम केलंत. स्टोअरचं राहू द्या."

ताई दारातून हलल्या नाहीत. "साहेब, स्लो म्हणले तवा समदे बसलेले व्हते. हे बी आत येऊन सगळ्यांसमोर म्हणा."

साहेब आत आले, आणि म्हणाले.