गंभाबाईची भिंत

उमरठच्या अंगाला एक वाडी आहे. तिथं लग्नाची भिंत काढत नाहीत, लिहितात. गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं लक्ष्मी, वेल, सूर्य आणि चंद्र. तिथल्या आवडीला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण भिंत अशी लिहायची की पोलादपुरातनं बोलावणी यायची.

मग मुंबईच्या गिरणीत असलेला तिचा नवरा भिकू तापानं गेला, आणि त्याच्याबरोबर आवडीचा हातही गेला. हात होता तिथंच होता म्हणा, मनगटात बांगडी नव्हती एवढंच. पण नवरा नसलेल्या बाईनं लग्नाच्या भिंतीला शिवायचं नाही ही रीत, आणि रीत कुणी घातली विचारलं की सगळे आढ्याकडे बघणार! दोन वर्षं आवडी रावजी पाटलाकडे भात कांडत होती. आता वैशाखात तिच्याच मैनेचं लग्न ठरलं, आणि भिंत लिहिणार होती शेजारची ठमाबाई. ठमाबाई मनाची चांगली, पण तिची लक्ष्मी म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा. लेकीच्या लग्नात मागच्या पडवीत बसायचं, हे आवडीनं गिळलं होतं. भिंत काही गिळवत नव्हती.

पाटलाच्या ओटीवर लक्ष्मीची छापील तसबीर होती. कांडता कांडता आवडी तिच्याकडे बघत राही. देवीच्या एका पायाचा अंगठा जरासा वर उचललेला होता, उभं राहून राहून अवघडलेल्या बाईचा असतो तसा.

"ह्ये बाप्याला कसं कळलं गो?" तिनं पाटलाच्या नातीला, शकूला विचारलं.

शकू चौथीत होती. तिनं कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट फिरवलं. "बाप्या नाय, बाई हाय. गंभा भिवराबाई."

गंभा! काय वजनदार नाव! बाईनं चित्र लिहावं, त्यावर आपलं नाव घालावं आणि ते घरोघर भिंतीवर लागावं, हे आवडीला खरंच वाटेना. त्या दिवसापासून ती चुलीच्या राखेत अंगठे लिहायची आणि कुणाची चाहूल लागली की पुसून टाकायची. हात अजून जिवंत होता, आणि तेच जास्त दुखत होतं.

मैनेला बांगड्या भरायला ती महाडला गेली, तेव्हा झकेरियाच्या तसबिरींच्या दुकानापाशी थांबली. "भाऊ, गंभाबाईची अजून येखादी तसबीर हाय?"

झकेरियाला उमगेना. मग त्यानं तीच लक्ष्मी काढून दाखवली आणि हसला. "अहो बाई, ते नाव नाही. गं, टिंब, भा, टिंब. गंगा भागीरथी. नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी लिहितात." एवढं बोलून त्याची नजर तिच्या रित्या मनगटावर गेली आणि तो उगाच तसबिरीवरची धूळ झटकू लागला.

आवडीला रडावं की हसावं कळेना. रावजी पाटील रोज जिला उदबत्ती ओवाळतो, ती लक्ष्मी आपल्यासारखीच्या हातची!

भोळी बाई. घरी आल्या आल्या तिनं हे पाटलाला सांगितलं. तिला वाटलं, तो म्हणेल, मग तूच लिही. पाटील म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." दुसऱ्या दिवशी ओटीवर नुसता खिळा होता, आणि तसबीर नदीकाठच्या उंबराखाली, फुटक्या देवांच्या जोडीला. आवडीनं ती पदराखालून घरी आणली. आपल्याच तोंडाची तिला इतकी चीड आली की दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही.

लग्नाच्या सकाळी सारवलेली भिंत अजून कोरीच होती, आणि ठमाबाईसकट सगळ्या बायका नदीवर पाण्याला गेल्या. आवडीनं पीठ कालवलं. उद्या मैनेच्या पायात काटा रुतला तरी बोट आपल्याकडेच येणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं लिहिलं. देवीचा अंगठा वर उचलला, आणि कोपऱ्यात शकूकडून शिकून घेतलेली अक्षरं उतरवली: गं. भा. आवडी.

बायका परतल्या त्या कळश्या कमरेवर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पाटील धावत आला. "पुसा ते!"

पण पुसणार कोण? लग्नाच्या भिंतीला पुरुषाचा हात लागत नाही, आणि बाईनं लग्नाच्या दिवशी लक्ष्मी पुसायची म्हणजे आपलंच कुंकू पुसायचं. ठमाबाई दोन पावलं मागं सरली. एकही सवाशीण पुढं होईना.

"आवडी, तूच पूस."

आवडीनं पिठानं माखलेला हात पुढं केला. "पाटील, ह्यो हात लिवायला चालत नाय, मंग पुसायला कसा चालतो?"

तेवढ्यात शिवेवर सनई वाजली. "उद्यापास्नं कांडायला येऊ नको," एवढं म्हणून पाटील पाठ फिरवून गेला, लग्नाला थांबलाच नाही. आवडी मागच्या पडवीत जाऊन बसली. आता वऱ्हाड परत फिरलं तर पोरीचं काय, या धास्तीनं ती कुडाच्या फटीतनं मांडवाकडे बघत होती.

नवऱ्यामुलाचा चुलता हैबती मुंबईत जेमतेम अक्षरं लावायला शिकलेला. तो भिंतीपाशी थांबला, लक्ष्मीच्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग शकूसारखाच टिंबं गाळून मोठ्यानं वाचू लागला.

"गंभा आवडी. झकास लिवलंय! ही गंभा कोण?"

ठमाबाईनं मान खाली घातली. हळदीनं पिवळी झालेली मैना, जिनं त्या दिवशी मान वर करायची नसते, तिनं मान वर केली.

"माझी आय," ती म्हणाली.