शीबाई आणि सात फॉर्म

"शी!" हे एकच अक्षर बाई इतक्या मनापासून उच्चारायच्या की समोरचा माणूस आधी स्वतःचे हात बघायचा आणि मग चपला. ठाण्याला आमच्या टूरच्या ऑफिसात त्या बावीस वर्षं सहलींचे कार्यक्रम आखत होत्या. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण सगळा स्टाफ त्यांना शीबाईच म्हणायचा. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं 'बाई', आणि तेही जरा सावरून बसत. मी पाच वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतो.

त्यांना किळस यायची यात त्यांची काय चूक होती, सांगा. लोक पासपोर्ट कसे आणून देतात हे तुम्ही पाहिलं नसेल तर देवाचे आभार माना. भज्यांचं तेल लागलेले, गुटख्याचा वास मारणारे, पोराने मागच्या पानावर हत्ती काढलेले. कल्याणच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने घरातले नऊच्या नऊ पासपोर्ट गुळाच्या पिशवीतून पाठवलेले. उघडले तर आत मुंग्या. बाई एकेक पासपोर्ट चिमटीत धरायच्या, 'शी' म्हणायच्या, पण ओल्या फडक्याने पुसायच्याही स्वतःच. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "माणूस घरी कसा राहतो ते त्याच्या पासपोर्टला विचार रे नितीन," असं मला म्हणायच्या आणि मग साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन यायच्या.

परदेशात त्या एकदाच गेल्या, स्वित्झर्लंडला, चाळीस जणांचा ग्रुप घेऊन. परत आल्यावर साहेबांना सांगितलं, पुन्हा मला पाठवू नका. का, तर आपल्या एका सभ्य, रिटायर्ड बँक ऑफिसरने तिथल्या पांढऱ्याशुभ्र बर्फावर पानाची पिंक टाकली होती. "लाल! एवढं मोठं लाल! आणि वर मला म्हणतो, बाई, इथे आपली खूण राहिली." हे सांगताना दहा वर्षांनीही त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. दुसऱ्याच्या दारात जाताना पाय पुसून जावं, एवढंच त्यांचं प्रवासाचं तत्त्वज्ञान होतं, आणि तेवढंही कुणाला जमत नव्हतं.

आता वाटेल की बाई नुसत्या खवट होत्या. तसं मुळीच नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचा ग्रुप निघाला की प्रत्येकाच्या हातात त्यांच्या अक्षरातला एक कागद असायचा, मराठीत, ठळक शाईने: 'विमानतळावर उतरल्यावर शौचालय डावीकडे. पुढे दीड तास मिळणार नाही. लाजू नका.' सोबत आलेपाकाच्या वड्यांची पुडी. हा आलेपाक त्या घरी करायच्या, कोळसेवाडीच्या दोन खोल्यांत, आणि कुणी 'छान झालाय' म्हटलं की "गिळा आता" म्हणायच्या.

त्यांची खरी करामत मात्र वेगळीच होती. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट व्यवस्थित चालायची. पण कुणी बर्फाची, डोंगराची नाहीतर चारधामची सहल ठरवायला येणार असलं की बाई अर्धा तास आधी खाली जाऊन 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लावून यायच्या. मग वर जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून येणाऱ्याचा श्वास ऐकायच्या. कोण धापा टाकतंय, कोण बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चढतंय, सगळं बघायच्या, आणि त्याप्रमाणे कार्यक्रमात फेरफार करायच्या. डोंबिवलीच्या एका जोडप्याला त्यांनी अशीच लेह रद्द करून कूर्गला धाडलं. पुढे त्या गृहस्थांच्या छातीत ब्लॉकेज निघालं, तेव्हा ते पेढे घेऊन आले. "पेढे कसले आणता? आधी वजन कमी करा," असं बाईंनी त्यांना सुनावलं.

अशातच माजिवड्याच्या टॉवरमधले शेठ आले. शेठ म्हणजे कसले शेठ हे विचारू नका, मलाही नक्की कळलं नाही, जमिनीचं काहीतरी. गळ्यात साखळी, हातात दोन फोन, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता फोनकडे बघायची खोड. त्यांना पन्नासाव्या वाढदिवसाला मित्रांना घेऊन जॉर्जियाच्या डोंगरांत हेली-स्कीइंग करायचं होतं. म्हणजे असं, की जिथे रस्ता नाही, रोपवे नाही, अशा माथ्यावर हेलिकॉप्टर तुम्हाला सोडतं आणि निघून जातं. पायांना फळ्या बांधून, गाइडच्या मागोमाग, कुणीही न तुडवलेल्या बर्फावरून तुम्ही खाली यायचं. भल्याभल्या खेळाडूंची तिथे तंतरते.

"प्लॅन एकदम सिंपल आहे बाई," शेठ फोनवर म्हणालेले. "हेलिकॉप्टर वर सोडणार, आपण खाली येणार, ड्रोन शूट करणार."

"आणि वरून खाली येताना मध्ये काय करणार?"

"स्की! दोन दिवस मनालीजवळ सोलंगला केलंय आम्ही. इझी आहे, बॅलन्स ठेवायचा फक्त."

शेठ ऑफिसात यायचे त्या दिवशी पाटी लागलीच. पहिला मजला चढून ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि ड्रायव्हरला वर पाठवलं. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ पाणी मागतायत." बाई स्वतः तांब्या घेऊन खाली गेल्या. शेवटचा जिना कधी चढलात, असं त्यांनी विचारलं तर शेठ घाम पुसत म्हणाले, "माझ्या टॉवरला चार लिफ्ट आहेत." बाई वर आल्या त्या थेट साहेबांच्या केबिनमध्ये. "हा माणूस त्या डोंगरावर जाता कामा नये." साहेब हसले. "अहो बाई, डोंगर चढायचा कुठाय? उतरायचाय!" आणि आम्ही सगळेही हसलो. आज ते आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

बाईंनी तरीही कार्यक्रम आखला, आणि फार सुंदर आखला. यंदा आठ दिवस साध्या उतारावर, शिकवणाऱ्यासोबत. मग वर्षभर व्यायाम. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दहा दिवस, आणि गाइड हो म्हणाला तरच हेलिकॉप्टर. शेठनी तो कागद परत सरकवला. "पुढच्या वर्षी माझा पन्नासावा येणार आहे का?" साहेबांनी बाईंच्या टेबलावरची फाइल उचलून माझ्या टेबलावर ठेवली.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. क्लायंटला कधीही फॉर्म भरायला लावायचा नाही. व्हिसाचा असो, विम्याचा असो, सगळं आपण भरायचं आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवायची. तो फक्त फुलीवर सही करतो. आणि भरताना उत्तर खरं काय याचा विचार करायचा नाही. काय लिहिलं की फॉर्म पास होईल तेवढं बघायचं. पाच वर्षांत माझा हात त्यात इतका बसला होता की डोकं लागायचंच नाही. तिथल्या गाइडचे फॉर्म आले, सात जणांचे सात. मी चहा पिता पिता भरले. न दाबलेल्या बर्फावर स्की करता येतं का? उत्तम. किती वर्षांचा अनुभव? कुणाला आठ, कुणाला दहा, अगदी सारखं दिसू नये म्हणून. शेठचं वजन एकशे अठराच्या जागी ब्याऐंशी, कारण नव्वदच्या वर गेलं की आणखी एक कागद लागत होता. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र वापरता येतं का? सात वेळा 'हो'.

आठवड्याभरात गाइडची मंजुरी आली. हेलिकॉप्टरमध्ये कोण कुठे बसणार, पहिल्या दिवशी कुठला उतार, सगळं होतं. तो कागद बाईंच्या हाती पडला. त्यांनी शेठच्या नावापुढचं ब्याऐंशी वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"हे तू लिहिलंस?"

"बाई, फॉर्म आहे. तेवढं करावंच लागतं."

"अरे, व्हिसाच्या फॉर्मात खोटं लिहिलंस तर व्हिसा नाकारतील. याच्यात खोटं लिहिलंस तर हो म्हणतील." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू म्हणतोस हे पट्टीचे, म्हणून तो यांना पट्टीच्या उतारावर नेणार. बर्फ घसरला आणि एक जण खाली गेला, तर बाकीचे शोधतील या भरवशावर तो असणार. कोण शोधणार? तुझे हे शेठ? ज्यांना एक मजला चढवत नाही?"

बाईंनी सातही फॉर्म घेतले आणि संध्याकाळपर्यंत एकेकाला फोन लावला. मी शेजारीच होतो, सगळं कानावर पडत होतं. एकाला ब्लडप्रेशरची गोळी चालू. एकाने बर्फ फक्त मॉलमधल्या स्नो-हॉलमध्ये पाहिलेला. एकाने घरी गोव्याला जातोय असं सांगून ठेवलेलं. त्याची मुलगी दहावीला होती. सातांपैकी एकालाही धड स्की करता येत नव्हतं, आणि एकालाही हे कळलं नव्हतं की आपल्या नावाने काय लिहून गेलंय. दुसऱ्या दिवशी बाईंनी गाइडला पत्र पाठवलं: फॉर्ममधली माहिती खरी नाही, कृपया या लोकांना नेऊ नका.

साहेबांचा नुसता तिळपापड झाला. "अहो, फॉर्म कोण वाचतं? तिकडे गेल्यावर गाइड घेतोच सांभाळून!" बाईंनी पत्र मागे घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, बाई आता थकल्यात, त्यांचं टेबल उद्या कुणीतरी बघायलाच हवं. मग गाइडला दुसरं पत्र लिहायला सांगितलं. पहिलं पत्र गैरसमजातून गेलं, ते लिहिणाऱ्या बाईंच्या डोक्याचा जरा त्रास आहे, फॉर्म बरोबर आहेत. 'डोक्याचा त्रास' हे जरा वाईट दिसत होतं, म्हणून मी त्याला सभ्यसा इंग्रजी शब्द शोधला. हो, मीच शोधला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लिहून झाल्यावर एकदा वाचून स्पेलिंगही तपासलं. माणूस किती खाली जाऊ शकतो याची मला तोवर कल्पना नव्हती.

गाइड मात्र बेरका निघाला. एकाच ऑफिसातून दोन उलट पत्रं आली म्हटल्यावर त्याने दुसरं पत्र बाईंनाच पाठवून दिलं आणि सांगितलं, मला व्हिडिओवर बोलायचंय, आणि पत्र लिहिणाऱ्या बाई समोर हव्यात. साहेब, बाई आणि मी एका टेबलाशी बसलो. पडद्यावर दाढीवाला, उन्हाने रापलेला माणूस. त्याने नमस्कार-चमत्कार न करता एवढंच विचारलं, की हे फॉर्म कुणी भरले?

साहेब माझ्याकडे बघायला लागले. बाईंनी पुढे सरकून त्यांच्या सावकाश शाळकरी इंग्रजीत सांगितलं: "आमच्या ऑफिसने भरले. इथे सगळ्यात सीनियर मी आहे. चूक माझी." मग त्याने विचारलं, यांतल्या किती जणांना स्की येतं? बाई म्हणाल्या, एकालाही नाही, आणि कागद हातात न घेता एकेकाचं नाव आणि एकेकाची परिस्थिती त्याला सांगत गेल्या. गाइडने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बाईंचे आभार मानले आणि सहल रद्द केली. शेठनी वाढदिवस लोणावळ्याला केला. "म्हातारीने मूड ऑफ केला," असं ते सगळ्यांना सांगत सुटले. ते सातही जण आज धडधाकट आहेत. त्यातल्या एकानेही बाईंना कधी फोन केल्याचं मी ऐकलं नाही.

साहेबांनी बाईंना काढायच्या आत बाईंनीच राजीनामा दिला. निरोपसमारंभ नाही, शाल-नारळ नाही. महिना संपला त्या दुपारी त्यांनी टेबल पुसलं, ड्रॉवर रिकामा केला, किल्ली माझ्यासमोर ठेवली. ते टेबल आता माझं होतं. ऑफिसात सगळे जेवायला गेलेले. मी हात जोडले आणि जे महिनाभर जिभेवर येऊन परत जात होतं ते बोलून टाकलं. "बाई, दुसरं पत्र मी लिहिलं. मला माफ करा."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "तो इंग्रजी शब्द साहेबांना येत नाही."

मला मान वर करवेना.

"माझं सोड. मला रिटायर व्हायला दोनच वर्षं उरली होती. नितीन, ती सात माणसं कोण होती रे? तू लिहिलीस ना सगळ्यांची नावं? सांग बघू."

शेठचं सांगितलं. मग आणखी आठवायचा प्रयत्न केला. सात फॉर्म मी माझ्या हाताने भरले होते, प्रत्येकावर नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, घरी कुणाला कळवायचं त्याचं नाव. मला आठवावं म्हणून बाई थांबल्या होत्या, अजिबात घाई न करता. मला दुसरं एकही नाव सांगता आलं नाही.