साहेबाचा दगड, अक्कांचा ओटा

नाना कुणाच्याही घरी गेले की पाणी मागत, अर्धा ग्लास पीत आणि उरलेलं फरशीवर ओतत. मग ते कुठं जातं हे बघत बसत. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हॉलमध्ये ओतलं. पाणी देवघराकडे गेलं. "उतार चुकला," नाना म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले. बाबांनी फडकं आणलं. पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरी नानांसाठी एक फडकं वेगळं ठेवलेलं असे.

नाना पालिकेतून निवृत्त झालेले ओव्हरसियर. स्वतःची नोकरी ते दोन वाक्यांत संपवत. साहेबाची नोकरी मात्र तासभर चाले. हा साहेब इंग्रजांच्या काळात खानदेशात जमीन मोजायला आला. एरंडोलपासून दोंडाईचापर्यंत साखळी ओढत फिरला, हिवतापाने दोनदा आडवा झाला आणि शेवटी धुळ्याला पालिकेचा इंजिनिअर होऊन गटारं बांधत राहिला. नानांचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी तो गेला होता. तरी नाना त्याच्याबद्दल बोलताना शर्टाचं वरचं बटण लावत. "माणूस कडक. उंची मोजली की दगडावर बाण कोरायचा. पुढच्यांनी त्या बाणापासून मोजायचं. वाद नको."

असा एक दगड आमच्या गल्लीच्या खालच्या टोकाला आहे. त्याला शेंदूर आहे. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, यांच्या मते तो बाण नसून त्रिशूळ आहे आणि दगड म्हसोबा आहे. नाना नोकरीत कायम व्हावेत म्हणून अक्का त्याला नवस बोलल्या होत्या. नाना कामासाठी दोंडाईचाला होते तेव्हा त्यांनी बायका जमवून ओटा बांधून घेतला. नाना कायम झाले. "म्हसोबाले ओटा बांधा, तवय ह्या कायम व्हयनात," असं अक्का प्रत्येक हळदीकुंकवाला सांगत आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी नेऊन त्याला घालत. ओटा दगडाभोवती बांधलाय असंच सगळे धरून चालले होते. देवाला जागचा कोण हलवणार?

कायम झाल्यावर नानांनी पहिलं गटार बांधलं ते आमच्याच गल्लीचं. त्याचं पाणी उलटं वाहतं. सेवापुस्तकात "उंची घेण्यात हयगय" असा शेरा बसला आणि बढती गेली. "नाना, पाणी कुठं चाललं?" कोपऱ्यावरचे रिक्षावाले विचारत. "घरी," नाना म्हणत. पण तो शेरा काढावा म्हणून ते दरवर्षी एक अर्ज करत, निवृत्तीनंतरही. अर्जातलं एक वाक्य कधी बदललं नाही: माझा आकडा चुकलेला नाही.

मी अकरावीत असताना पालिकेची रद्दी निघाली. त्यातून नानांनी साहेबाची मोजणीची वही मागून आणली. अक्षर इंग्रजी आणि तिरकं, म्हणून मला बोलावणं आलं. "कॉन्व्हेंट, बैस. तू वाच, अर्थ मी सांगतो." मी फारसं बोलत नसे, हे नानांना पसंत होतं. एकोणसाठ म्हणजे नक्की किती हे मला पटकन कळत नसे आणि नानांना ते अक्षर लागत नसे. आम्ही दोघांनीही ही गोष्ट बाहेर सांगितली नाही. समोर भाजलेल्या शेंगा असत.

तिसऱ्या आठवड्यात आमचा दगड आला. मी वाचलं: बाणाची खूण जमिनीपासून नऊ इंच वर.

नानांनी ते पुन्हा वाचायला लावलं. ओट्यावरचा बाण माझ्या कमरेला लागतो.

"म्हणजे दगड उचलून वर बसवला," ते हळूच म्हणाले. "गटार आम्ही दोन्हीकडून काढलं होतं. वरचं टोक दुसऱ्या दगडावरून मोजलं, खालचं ह्यावरून. दगड जेवढा वर गेला, तेवढंच खालचं टोक वर गेलं."

आत अक्का पोळ्या करत होत्या. "काय निंघनं वहीमा?"

"पाऊस," नाना म्हणाले. "साहेबनी पाऊसनी नोंद करेल शे."

मी धीर करून म्हणाले, "नाना, आता शेरा निघेल."

"निघेल. मग ती रोज सकाळी तांब्या घेऊन कुठं जाईल?" त्यांनी वही मिटली. "तू बोलत नाहीस ते चांगलं आहे. शेंगा घे."

त्या वर्षी अर्ज गेला नाही. पुढेही नाही. रिक्षावाले विचारत राहिले आणि नाना "घरी" म्हणत राहिले.

नाना जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात अक्कांनी मला बोलावून वही दिली. "तुलेच वाचता येस." मग दारातला तांब्या उचलता उचलता त्यांनी विचारलं, "काय शे इन्हामा? खरं सांग."

"पाऊस," मी म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "तुना नाना बी हाईच सांगेत."

त्या तांब्या घेऊन म्हसोबाकडे, खाली निघाल्या. शेजारच्या गटाराचं पाणी वर येत होतं.