तारखेचा रकाना

प्राण्यांच्या निवाऱ्यात तोंडावर तिला सगळे ताई म्हणत. पाठ फिरली की नकारताई. बावीस वर्षं ती पुढच्या टेबलाशी बसून कुत्री-मांजरं दत्तक द्यायचं काम करत होती आणि आलेल्या दहांपैकी चौघांना हात हलवत परत पाठवत होती. मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू हवं म्हणणाऱ्याला ती विचारायची, "आणि पुढच्या वाढदिवसाला ह्याचं काय करणार?" सोफ्याला शोभेल अशा रंगाचं मांजर मागणाऱ्या एका बाईंना तिनं पडद्यांच्या दुकानाचा पत्ता दिला होता.

टेबलाच्या वरच्या खणात तिची एक यादी असे. जनावरांचा छळ केला म्हणून कोर्टात दोषी ठरलेल्या गावातल्या माणसांची. कुणी नवा माणूस अर्ज घेऊन आला की ती खण चार बोटं उघडायची, नाव पाहायची आणि खण लोटून म्हणायची, "सध्या देण्यासारखं काही नाही हो." मागे पंधरा कुत्री एका सुरात कोकलत असली तरी हेच. समोरचा काय ते समजायचा आणि निमूट निघून जायचा. ना बोभाटा, ना भांडण.

यादीत अकरा नावं होती. सातवं तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं.

दादा शिंपी होता. दोन गल्ल्या पलीकडे, चौकात त्याचं दुकान. नऊ वर्षांपूर्वी एका भटक्या मांजरीनं त्याच्या दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या भारी कोटाच्या कापडावर पिल्लं घातली. दादानं मापाचा लाकडी गज उचलला आणि तिच्या मागच्या पायावर हाणला. शेजाऱ्यांनी तक्रार केली, दादानं कोर्टात कबुली दिली. मांजर ह्याच निवाऱ्यात आली होती. तिचा पाय कापताना ताईनंच तिला धरलं होतं. त्यानंतर दादानं कुठल्या जनावरावर हात उगारल्याचं कुणी पाहिलं नाही. अर्थात, त्याच्या हाताशी कुठलं जनावर आलंही नाही.

मग एके सकाळी निवाऱ्याच्या साहेबांनी फर्मान काढलं. यादी खणात नाही, बाहेरच्या भिंतीवर लागणार.

"लोकांना तमाशाच हवा असतो, साहेब," ताई म्हणाली.

"तमाशा नाही हो. त्या टपालवाल्या बाई आठवतात? आठ दिवस गावाला जाताना कुत्रा शेजाऱ्याकडे ठेवून गेल्या. शेजारी म्हणजे तुमच्या यादीतला चौथा. परत आल्या तर कुत्रा पलंगाखालून बाहेर येईना. अंगावर चटके. तुमची यादी खणात, कुत्रा शेजाऱ्याकडे. काय उपयोग?"

बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिला नकार सुचला नाही.

घरी नवऱ्यानं तोडगा काढला. "सातवं नाव प्रिंटरमध्ये अडकलं म्हणून सांग."

"अकरा नावांतलं नेमकं एकच कसं अडकेल?"

"मग भाऊबीज विसर ह्या वर्षी," तो म्हणाला आणि पेपरात डोकं घालून बसला.

तिनं यादी टाइप केली. नाव, वय, धंदा, गल्ली, गुन्हा, तारीख, शिक्षा. सातव्या ओळीशी बोटं अडखळली, पण पुढे सरकली. अडलं ते भलतीकडेच. अक्षर मोठं केलं तर सात रकाने एका पानात मावेनात, आणि बारीक केलं तर म्हाताऱ्यांना दिसेना. शेवटी तिनं तारखेचा रकाना काढून टाकला. पान कसं टापटीप दिसू लागलं.

भिंतीपुढे गर्दी जमली, निकाल लागल्यासारखी. काहींनी फोटो काढून नेले. पाचव्या दिवशी गळ्यात टेप तसाच ठेवून दादा निवाऱ्यात आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"दोन गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "एक तर विचारतं, मास्तर, परवाच मारलंत ना हो मांजराला?"

"बस आधी."

"बसायला नाही आलो. नाव काढ."

"नाही काढणार. बाकी दहांनाही बहिणी असतील, दादा. आपला तो बाब्या करून चालायचं नाही."

"नको काढूस!" दादाचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "मारलं मी. कोर्टात सांगितलं, तुलाही सांगतो. पण कधी मारलं ते तरी लिहिशील की नाही? तो चौथा गेल्या वर्षीचा आणि मी नऊ वर्षांपूर्वीचा. तुझ्या कागदावर आम्ही एका दिवशीचे दिसतो. कुठं गेली तारीख?"

"पानात मावत नव्हती."

"मापात बसेना म्हणून आम्ही कोटाची बाही कापून टाकतो का?"

दुसऱ्या कुणाची असती तर ही चूक ताईनं शंभर ठिकाणी सांगितली असती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तारीख येईल. नाव राहील." मग टेबलावरचा कागद उगाच सरळ करत तिनं विचारलं, "खरं सांग. आज मांजर बसली कापडावर, तर?"

दादा बराच वेळ टेप बोटांभोवती गुंडाळत राहिला.

"कापड ओढून घेईन," तो म्हणाला. "बहुतेक."

"ह्या बहुतेकसाठीच नाव राहतंय."

तिनं तिथंच सगळे रकाने घालून यादी पुन्हा छापली. दोन पानं झाली. ती एकाला एक चिकटवली. भिंतीवर लावायला दुसरा हात लागेल म्हणून दादाला बाहेर नेलं. तो एक टोक धरून उभा राहिला आणि डाव्या बाजूला कागद वर गेलाय, खाली घे, असं दोनदा सांगितलं.

मागून टोपलीत मांजर घेतलेल्या एक बाई आल्या. त्यांनी सातवी ओळ वाचली, बोटांवर वर्षं मोजली आणि ताईला विचारलं, "हे चौकातले मास्तर का हो? पुढच्या महिन्यात ह्यांच्याकडं माझा कोट टाकायचा होता. टाकू का?"

"माझे सख्खे भाऊ," ताई चिकटपट्टी दातानं तोडत म्हणाली. "कोट बिनधास्त टाका. हात चांगला आहे. मांजर मात्र ठेवायला देऊ नका."

दादानं तिच्याकडे रागानं पाहिलं, पण धरलेलं टोक सोडलं नाही.